प्रशिक्षणाच्या साखळीस खुले पत्र

प्रति,
शिक्षक प्रशिक्षणाची साखळी,
मुक्काम दिल्ली, मार्गे पुणे, जिल्हा, तालुका आणि केंद्रशाळा.

साखळीबाई,

हे पत्र उघड लिहिते आहे, कारण आमचं म्हणणं पोचवायला दुसरी वाट तू ठेवलेली नाहीस. प्रत्येक प्रशिक्षणाच्या शेवटच्या दुपारी तू अभिप्रायाची लिंक पाठवतेस. तिच्यात 'अतिशय उपयुक्त', 'उपयुक्त' आणि 'काही अंशी उपयुक्त' असे गोल असतात. त्यांतला एक भरल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही. तुला उपयुक्त ठरवणाऱ्या शिक्षकांची मोठी संख्या तू वरच्या अहवालात लिहितेस, ती अशी गोळा झालेली असते.

तुझे टीकाकार म्हणतात की तू फुकट आहेस. पाच दिवस बसवून ठेवतेस, दोन वेळचा चहा आणि एक प्रमाणपत्र देतेस, वर्गात मात्र काहीच बदलत नाही. मला हे मान्य नाही. तू फुकट असतीस तर पाच दिवस गेले म्हणून सोडून दिलं असतं. तू काम करतेस, आणि चोख करतेस. शिक्षकाने कसं असावं याचा एक नमुना तू आमच्या अंगात मुरवला आहेस. प्रशिक्षण संपलं की तोच नमुना आमच्यासोबत शाळेत येतो आणि मुलांसमोर उभा राहतो. माझी तक्रार त्या नमुन्याबद्दल आहे.

ज्यांनी तुला आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी तुझी रचना सांगते. दिल्लीत किंवा पुण्यात जाणकार माणसं बसून प्रशिक्षणाचे घटकसंच तयार करतात. त्यांनी वाचलेलं असतं, आपसांत भांडलेलं असतं, काही शब्द चारदा बदललेले असतात. त्यांच्याकडून राज्यस्तरावरचे तज्ज्ञ मार्गदर्शक शिकतात, त्यांच्याकडून जिल्ह्याचे, जिल्ह्याकडून तालुक्याचे सुलभक आणि त्यांच्याकडून आम्ही. कधी मधली एखादी पायरी वगळतेस, पण घडण हीच. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात आणि माणसं वाढतात. ज्याला काल कळलं तो आज शिकवायला उभा राहतो. वर झालेला वाद, उरलेल्या शंका, 'हे आमच्याकडे जमलं नाही' ही कोणीतरी दिलेली कबुली वाटेतच गळून जाते. खाली पोचते ती पीपीटी. कालव्याच्या शेवटाला ज्याचं शेत आहे त्याला विचार. धरण भरतं, आवर्तन सुटतं, पाणीपट्टी त्याच्याही नावावर पडते, पाणी मात्र वरच्या चाऱ्यांतच संपलेलं असतं. पहिली-दुसरीचा वर्ग हा तुझ्या कालव्याचा शेवट आहे.

आता तुझा एक दिवस. तालुक्याच्या गावातली एखादी शाळा तू निवडतेस. ती चालू असेल तर तिथली मुलं त्या दिवशी व्हरांड्यात बसतात, कारण वर्गात आम्ही असतो. सकाळी हजेरीपत्रकावर सही, त्याच हजेरीचा गुगल फॉर्म, आणि ठिकाण दाखवणारा फोटो. दीपप्रज्वलन, प्रेरणागीत, मग साहेबांचं मनोगत. साहेबांना पुढच्या केंद्रावर जायचं असतं, त्यामुळे ते येतील तेव्हा चालू घटक थांबतो. मग तासिका सुरू होते: विद्यार्थीकेंद्रित अध्यापन. सुलभक स्लाइड वाचतात. 'व्याख्यान पद्धतीचा वापर कमीत कमी करावा' हे वाक्य आम्ही व्याख्यानात ऐकतो आणि वहीत उतरवून घेतो. दुपारी गटकार्य. आकडे मोजून गट पाडायचे, चार्टपेपर आणि स्केचपेन घ्यायचे, ज्याचं अक्षर चांगलं त्याने लिहायचं, जो धीट त्याने सादर करायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. सादरीकरण करताना फोटो, टाळ्या वाजवताना फोटो. संध्याकाळी पाचला पुन्हा सही.

असे पाच दिवस जातात आणि त्या हॉलमध्ये एकही मूल येत नाही. व्हरांड्यात ती बसलेली असतात, हाकेच्या अंतरावर. ज्यांना वाचायला कसं शिकवायचं याची चर्चा चालली आहे त्यांतल्या चौघांना आत बोलावून, त्यांच्यासमोर एक पान ठेवून, ती कुठे अडतात हे पन्नास शिक्षकांनी मिळून पाहावं, असं तुला कधीच वाटलं नाही.

अशाच एका प्रशिक्षणात सातपुड्यातल्या एका पाड्यावरचे शिक्षक उभे राहिले. म्हणाले, माझ्या पहिलीतली मुलं घरी पावरी बोलतात, मराठी शाळेत येऊन माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकतात, तर हा उतारा त्यांना मी कसा द्यायचा? त्या दिवसभरात विचारला गेलेला तो सर्वांत मोलाचा प्रश्न होता. सुलभक प्रामाणिक होते. ते म्हणाले, सर, हे माझ्या प्रशिक्षणात नव्हतं. मग दोघेही खाली बसले आणि पुढची स्लाइड आली. त्या सुलभकांवर माझा अजिबात राग नाही. तेही शेजारच्या केंद्रातले शिक्षकच. त्यांची शाळा सोडून, पीपीटी रात्री वाचून, घसा बसेपर्यंत ते बोलत होते. प्रश्न विचारणाराही चुकला नाही आणि उत्तर न देणाराही नाही. दोघांना त्या जागी आणून ठेवणारी तू आहेस.

यातून तू आम्हाला काय शिकवलंस ते ऐक. शिकणं म्हणजे हजर असणं, हे शिकवलंस. सही झाली की शिकणं झालं. मग आम्हीही शाळेत पाठ 'घेऊन टाकतो', वह्या 'पूर्ण करून घेतो', आणि मुलाच्या वहीत उत्तर उतरलं की ते त्याला आलं असं धरतो. परीक्षा म्हणजे वरच्याला दाखवायचा आकडा, हेही तुझंच शिक्षण. तुझी पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी व्हायची असते, आदल्या रात्री व्हॉट्सॲपच्या गटावर कोणीतरी उत्तरांचे क्रमांक टाकतं, आणि सकाळी तुझा आलेख वर चढलेला दिसतो. त्याच आठवड्यात आम्ही शेजारच्याचं बघून लिहिणाऱ्या मुलाला रागावतो. ते मूल करतं ते आम्हीच केलं होतं आणि त्याबद्दल तू आम्हाला प्रमाणपत्र दिलं होतंस. पुरावा म्हणजे फोटो, हाही तुझाच धडा. मुलं मातीत हात घालून काही करत असताना चांगल्या शिक्षकाचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे असायला हवं. आमचा हात मोबाइलकडे जातो, कारण संध्याकाळी केंद्राच्या गटावर छायाचित्र टाकायचं असतं.

आणि सगळ्यांत खोल उतरलेला धडा म्हणजे वाट पाहण्याचा. जुन्या शिक्षकांना विचार, ते आजवर आलेल्या मोहिमा एका दमात सांगतील: किमान अध्ययन क्षमता, आनंददायी शिक्षण, स्मार्ट पीटी, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, ज्ञानरचनावाद, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, तंत्रस्नेही शिक्षक, अध्ययन निष्पत्ती, निपुण भारत, क्षमताधिष्ठित मूल्यांकन, समग्र प्रगती पत्रक. यांतली प्रत्येक कल्पना कोणीतरी मनापासून मांडलेली होती. कित्येक खरोखर चांगल्या होत्या. मुलाचं मूल्यमापन वर्षाच्या शेवटी एका कागदावर न करता वर्षभर त्याच्याकडे पाहून करावं, यात वाईट काय आहे? २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा अनेक शिक्षक हरखले होते. पण ते आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा त्याच्या नोंदवह्या झाल्या होत्या, आणि नोंदवहीत लिहायच्या वाक्यांची तयार पुस्तिका बाजारात मिळू लागली होती. मुलाकडे पाहणं राहिलं, त्याच्याविषयीची वाक्यं उतरवून काढणं सुरू झालं. एक कल्पना रुजायच्या आत दुसरी येते, दुसरीचा घटकसंच पहिलीचं नावही घेत नाही, आणि पहिलीचं काय झालं ते कोणी विचारत नाही. मग शिक्षक शिकतो की नव्या कल्पनेला विरोध करायची गरज नाही, स्वीकारायचीही नाही. मान डोलवायची, फोटो पाठवायचा, तीन वर्षं थांबायचं. नव्याने नोकरीला लागलेली, डोळ्यांत चमक असलेली मुलं-मुली तुझ्या दोन-तीन फेऱ्यांत हे शिकतात. कोणत्याही अध्यापक विद्यालयाला इतक्या कमी वेळात इतकं पक्कं शिकवता आलेलं नाही.

पगारालाही तू जोडून घेतलंस. १२ वर्षं सेवा झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवडश्रेणी, आणि दोन्हींसाठी तुझं प्रशिक्षण सक्तीचं. हक्काच्या वाढीसाठी शिक्षक वर्षानुवर्षं तुझी वाट पाहत राहिले, कारण प्रशिक्षणच लागत नव्हतं. २०२२ साली ते ऑनलाइन लागलं, तेव्हा प्रत्येकाने २,००० रुपये शुल्क भरायचं होतं. २४ वर्षं वर्गात काढलेल्या बाईंना शिकण्यासारखं पुष्कळ असतं आणि शिकवण्यासारखं त्याहून जास्त असतं. त्यांच्या वर्गात जाऊन, त्या शिकवताना पाहून, त्यांच्याशी तासभर बोलून वाढ ठरवता आली असती. तू त्यांना व्हिडिओ पाहायला लावलेस.

कुमठ्याची गोष्ट तर तू विसरू नकोस, मी विसरू देणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या शिक्षकांबरोबर काम केलं. मूल स्वतः शिकतं कसं, याचा अभ्यास शिक्षक आणि अधिकारी मिळून करत होते, शाळाशाळांत करून पाहत होते. त्यातून वर्ग बदलले. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक कुमठे बघायला जाऊ लागले. बघायला जाणं चांगलंच होतं. पण एका दिवसाच्या भेटीत डोळ्यांना काय दिसतं? जमिनीवर रंगवलेले तक्ते, अंक, अक्षरं. तेच परत आलं. गावोगावच्या शाळांत ऑइलपेंटचे डबे आले, वर्गणी निघाली, फरश्या रंगल्या. ज्या चर्चांतून ते तक्ते उगवले होते त्या चर्चा कुमठ्यातच राहिल्या, कारण त्या गाडीत घालून आणता येत नाहीत. माणसांनी वर्षानुवर्षं एकमेकांजवळ बसून केलेल्या कामाचा तू रंगाचा कार्यक्रम केलास. त्या फरश्यांवरचा रंग मुलांच्या पायांनी झिजला तेव्हा तू दुसऱ्या विषयावर गेली होतीस.

तुझी बाजू घेणारे मला विचारतील, पुरावा काय? पुरावा जगभर पडलेला आहे. चीनमध्ये राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाची एका प्रांतात काटेकोर तपासणी झाली. ३०० शाळांतले ६०० गणित शिक्षक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांत वाटले. वर्षभराने पाहिलं तर प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांच्या मुलांच्या गणितात फरक पडलेला नव्हता. २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी कारणंही नोंदवली: आशय फार सैद्धांतिक, आणि शिकवण्याची रीत अशी की शिक्षक नुसते ऐकत बसलेले. आमच्या तालुक्याच्या हॉलमध्ये न येता त्यांनी आमचा हॉल लिहिला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात १८० शाळांत आणखी एक प्रयोग झाला. दोन गटांना पाठांचं तेच नियोजन, वाचायची तीच पुस्तकं दिली. एका गटाच्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटाच्या शिक्षकांच्या वर्गात मार्गदर्शक नियमाने जात राहिले. दोन वर्षांनी मुलांच्या वाचनात दुसऱ्या गटाची प्रगती पहिल्याच्या सुमारे दुप्पट होती. साहित्य तेच, शिक्षक तसेच. फरक एवढाच की कोणीतरी वर्गात आलं, पाठीमागे बसलं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आलं.

पण परदेशात जायची गरजच नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो सुरू केला, पुढे १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने वाढवला. तिथेही प्रशिक्षण होतं, आणि ते तुझ्याहून मोठं होतं: उन्हाळ्यात सुमारे तीन आठवडे. पण तिथे शिक्षक प्रयोग स्वतः करत. फूल स्वतः कापत, विद्युतमंडल स्वतः जोडत, चुकत, वाद घालत. शिकवायला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक येत, आणि खेड्यातल्या शाळेचा शिक्षक त्यांना 'हे माझ्या वर्गात चालणार नाही' असं तोंडावर सांगू शके. त्याचं ऐकून 'बाल वैज्ञानिक' हे पाठ्यपुस्तक बदललं जाई. वर्ष सुरू झालं की दर महिन्याला शिक्षकांची बैठक होई, आणि शाळांत जाऊन शिक्षकाच्या बाजूला उभं राहण्याचं काम नेमाने चाले. त्याला ते अनुवर्तन म्हणत. त्याच शिक्षकांतून पुढचे प्रशिक्षक तयार झाले. परीक्षेत पुस्तक उघडून लिहायची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. सरकारी शाळा, सरकारी शिक्षक, सरकारी पगार, आणि हे ३० वर्षं चाललं, सुमारे १,००० शाळांत पसरलं. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तुझ्यासारख्या वाटेने जाणारे कार्यक्रम मात्र कोणी बंद करत नाही, त्यांचं फक्त नाव बदलतं.

शिक्षक मुलांच्या सोबतीत घडतो, हे आपल्याकडे तर फार आधी कळलं होतं. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालसेविका घडल्या त्या आदिवासी मुलांच्या सोबत राहून. वाडा तालुक्यात सोनाळ्याला 'क्वेस्ट'सारखी संस्था आज शिक्षकांबरोबर वर्गात काम करते. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि मुलं वाचायला कशी शिकतात हे वर्षानुवर्षं वर्गातच पाहिलं. हे सगळं तुझ्या पुण्याच्या मुक्कामापासून फार लांब नाही. तुझ्या घटकसंचांत या माणसांची नावं कधी कधी येतात. त्यांची रीत येत नाही.

यावर तुझं उत्तर मला पाठ आहे. एवढ्या शिक्षकांपर्यंत दुसरं कसं पोचणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रशिक्षणाचा 'निष्ठा' कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांचं आणि मुख्याध्यापकांचं लक्ष्य होतं. एवढ्यांच्या वर्गात कोण जाणार? खरं तर जाण्यासाठी नेमलेली माणसं आहेतच. महाराष्ट्रात ४,८६० केंद्रं आहेत, आणि एका केंद्रात साधारण दहा-पंधरा शाळा येतात. केंद्रप्रमुखाने दर महिन्याला प्रत्येक शाळेत अर्धा दिवस वर्गात बसावं एवढीच ती संख्या आहे. केंद्रप्रमुखाचं पद त्यासाठीच होतं. कित्येक वर्षं त्यांतली पदं मोठ्या संख्येने रिकामी ठेवली गेली, एकाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा कारभार दिला गेला, आणि जे आहेत त्यांना तू माहिती गोळा करायला लावलीस. केंद्रप्रमुख शाळेत येतात, मोटारसायकलवरून उतरतात, पोषण आहाराचा साठा बघतात, आधार जोडणीचे आकडे घेतात आणि निघतात. वर्गाच्या दाराशी उभ्या असलेल्या बाई म्हणतात, साहेब, बसा ना थोडं आत. साहेबांना पुढच्या शाळेचे आकडे दुपारी दोनच्या आत भरायचे असतात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था १९८६ च्या शिक्षण धोरणातून जन्मल्या त्या जिल्ह्यातल्या शिक्षकांचं घर म्हणून. त्यांनाही तू तुझ्या वेळापत्रकाची कचेरी करून टाकलंस. महिन्याची शिक्षण परिषद ही तर सोन्यासारखी कल्पना: केंद्रातल्या शिक्षकांनी एकत्र बसायचं, एकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. जपानमधले शिक्षक हेच पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. आमच्या परिषदेत वरून आलेले निरोप वाचून दाखवले जातात.

आणि तू घेतेस ते दिवस कोणाचे असतात ते माहीत आहे ना? शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला २०० दिवस शाळेचे दिले आहेत. ६० पर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. त्यांतला एक तुझ्याकडे पाच दिवस आला की दुसऱ्याकडे सगळे वर्ग. एकशिक्षकी शाळा असेल तर कुलूपच, किंवा शेजारच्या शाळेतून कोणी उसना. सर्व शिक्षा अभियानाने शिक्षकाला वर्षाचे २० दिवस प्रशिक्षणाचे ठरवले होते, २०२० च्या धोरणाने किमान ५० तास ठरवले. शिक्षकाला शिकायला वेळ मिळालाच पाहिजे, मी त्याच्या विरोधात नाही. कोठारी आयोगाने तर दर पाच वर्षांत दोन-तीन महिने सुचवले होते. पण तो वेळ मुलाच्या खात्यातून घेतला असेल तर परत येताना शिक्षकाने त्या मुलासाठी काहीतरी आणायला हवं. तू आम्हाला रिकाम्या हाताने पाठवतेस आणि वर तास मोजतेस.

मला शिकायचं आहे, साखळीबाई. हे मी चिडून लिहीत असले तरी मनापासून लिहिते. माझ्या तिसरीत एक मुलगी आहे, तिला सगळी अक्षरं येतात, काना-मात्रा येतात, पण शब्द लागत नाही. ओठ हलतात आणि दुसऱ्या अक्षराशी आवाज थांबतो. ती कुठे अडते हे मला एकटीला कळत नाही. मला दहा स्लाइड नकोत. ज्याने अशी पन्नास मुलं पाहिली आहेत असा कोणीतरी एक दिवस माझ्याबरोबर तिच्या शेजारी बसायला हवा आहे. आणि महिन्याने परत यायला हवा आहे, मी त्याने सांगितलेलं करून पाहिलं की नाही, आणि जमलं नसेल तर का नाही, हे विचारायला. असा माणूस आला तर मी माझी मे महिन्याची सुट्टी देईन, सही नको, प्रवास भत्ता नको.

तुझी शिक्षा काय असावी ते सांगते. पुढचा घटकसंच काढण्याआधी मागच्याचं काय झालं ते वर्गात जाऊन पाहा आणि छापून आम्हाला दे. जो प्रशिक्षण देईल त्याने त्यानंतरच्या दोन महिन्यांत आपल्या गटातल्या प्रत्येकाच्या वर्गात जावं, जमत नसेल तर गट लहान कर. हॉलमध्ये मुलं आण. विषय शिक्षकाला निवडू दे. बहुवर्ग शिकवणाऱ्याला बहुवर्गाचं, पावरी-कोरकू-गोंडी मुलांना शिकवणाऱ्याला भाषेचं दे. केंद्रप्रमुखांची पदं भर आणि त्यांच्या हातातले तक्ते काढून घे. यातल्या एकाही गोष्टीला नवं ॲप लागत नाही.

शेवटचे चार शब्द तुला नाहीत, हे पत्र वाचणाऱ्या पालकांना आहेत. तुमच्या गावच्या शाळेची व्यवस्थापन समिती असते, कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात. तुमचे गुरुजी-बाई प्रशिक्षणाला गेले की तुमच्या मुलाचे दिवस जातात, म्हणून विचारायचा हक्क तुम्हाला आहे. महिन्याच्या बैठकीत शिक्षकाला जाब विचारू नका, त्याच्या बाजूने उभे राहा. केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा: मागच्या प्रशिक्षणानंतर आमच्या शाळेच्या वर्गात बसायला कोण आलं, किती वेळ बसलं, आणि परत कधी येणार आहे? उत्तर ठरावाच्या वहीत नोंदवा, आणि पुढच्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा विचारा.

आपली,
जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतली एक शिक्षिका